पिवळ्या ठिपक्याचा पंखा

शेवटचा तास संपला, मुलं गेली आणि मी टेबलाशी तशीच बसून राहिले. उठायचंही जिवावर आलं होतं. रिकाम्या बाकांवर सगळे पंखे गरगरत होते.

आमच्या विद्यापीठात वीजबचतीच्या शपथा झाल्या, फेऱ्या झाल्या, पोस्टरं लागली आणि उन्हाने विटलीसुद्धा. पंखे फिरतच राहिले. भिंतीवर बटणांची ही लांबलचक रांग. एक पंखा बंद करायला जावं तर भलताच थांबतो आणि मागून कुणीतरी ओरडतं. मग माणूस नाद सोडतो.

यंदा मुलांनी नवंच काढलं. प्रत्येक पंख्याच्या दांड्याला एक रंगीत ठिपका, आणि त्याच्या बटणालाही तोच. टेबलावर स्टूल चढवून, मान दुखेस्तोवर ती रंगवत होती. 'हेही विटेल,' असं मी मनात म्हटलं होतं.

आता त्या ठिपक्यांकडे बघताना वाटलं, आपलंही असंच की. घर, नोकरी, आईचं दुखणं, कधीकाळच्या काळज्या, सगळं एकदमच फिरत असतं. कुठलं कशाने थांबेल ते ठाऊक नाही, म्हणून सगळंच चालू ठेवायचं.

तेवढ्यात माझ्याच वर्गातली वैष्णवी आत आली. ठिपके जुळवत तिने मागचे पंखे एकेक करून बंद केले. घरघर विरत गेली. मी ओशाळून पर्स उचलायला लागले.

"बसा ना मॅडम," ती म्हणाली, "तुमचा पिवळा ठेवलाय चालू."