मांडीवर ठेवायची गिटार आणायला तारापूरला

पालघर ते तारापूर हा काही लांबचा प्रवास नाही. गाडीने बोईसर, पुढे एस.टी. किंवा टांगा, की झालं. पण साठच्या दशकात, तिथे अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू असताना, मी तो केला जीव मुठीत धरून. जीवही माझा नव्हे, ह्यांचा.

आम्ही साताऱ्याकडचे. ह्यांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे पालघरला आलेलो. यंत्रात हात सापडून ह्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. हे बासरी सुरेख वाजवायचे. बासरी ट्रंकेत गेली आणि माणसाचं बोलणंच आटलं. परसातल्या विहिरीकडे बघत बसून राहायचे. जिवाचं काही बरंवाईट करून घेतील या धास्तीने मी कपडे वाळत घालायची दोरी सोडून तांदळाच्या डब्यात लपवली आणि धुणं कुंपणावर टाकू लागले. दोरी कुठे गेली, असं ह्यांनी कधी विचारलं नाही. त्याचीही मला भीतीच वाटायची.

शेजारचे मास्तर गिटार वाजवत. आमच्याकडे तेव्हा गिटार म्हणजे मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. "कांडी धरायला अंगठा आणि दोन बोटं पुरतात," मास्तर म्हणाले. तारापूरहून एक परदेशी इंजिनिअर बिऱ्हाड आवरून मायदेशी चालला होता, त्याच्या घरच्या दोन गिटारी विकायच्या होत्या. मास्तरांनी आपली कांडी ह्यांच्या खिशात घातली. हे नको म्हणाले नाहीत, तेवढ्या बळावर मी निघाले.

तिकडे जाणार असाल तर सकाळचीच गाडी धरा, नंतर ऊन फार. ह्यांना गाडीच्या दारात उभं राहायचं होतं. वारा बाधेल म्हणत मी ह्यांना आत बसवलं आणि सदऱ्याचं टोक धरून ठेवलं. बोईसरला चहा झकास, वडे मात्र तेलकट. पुढचा रस्ता सगळा ट्रक आणि धुरळा.

"तुमी कशाला जाता तिकडं?" टांगेवाल्याने विचारलं. "अणूचा कारखाना हाय तो. समुद्राचं पाणी तापणार बोलतात."

"गिटार घ्यायला," मी म्हटलं. त्याने ह्यांच्या हाताकडे पाहिलं आणि घोड्याला हाकललं.

इंजिनिअरच्या बंगल्यावर पोचलो, तर त्याच्या घरच्या बाई बाहेर गेल्या होत्या. मी सुरूच्या सावलीत तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी सोडली. "हात धुऊन येतो," म्हणून हे उठले ते थेट समुद्राकडे. भरती लागली होती. मी वाळूतून अनवाणी धावत सुटले. हे घोटाभर पाण्यात उभे होते.

"अगं, पळतेस कशाला?"

"भाकरी गार होतेय," मी म्हटलं. भाकरी पहाटेची, केव्हाच गार झालेली.

बाई आल्या. त्यांचं बोलणं आम्हाला सांगायला त्यांची स्वयंपाकीण जानकी होती, तिथल्याच गावची. बाईंनी एक नवी, चकचकीत गिटार छातीशी धरली आणि डाव्या हाताची चारही बोटं तारांवर भराभर दाबून दाखवली. ह्यांनी आपला डावा हात खिशात घातला.

"चल, निघू या."

एवढ्या लांब आणून मी ह्यांना हेच दाखवलं होतं! मी बाईंच्या हातून गिटार घेतली आणि सरळ ह्यांच्या मांडीवर आडवी ठेवली. बाई हसल्या. ह्यांनी नाइलाजाने कांडी टेकवली. नुसता खडखडाट झाला. तारा इतक्या खाली की कांडी दांड्यावरच्या पट्ट्यांना आपटत होती.

"दुसरी दाखवा."

"बाय बोलते, ती नको," जानकी म्हणाली. "दांडा वाकलाय, तारा वर आल्यात. दाबल्या तर बोटं कापतात. ती बिघडलेली हाय."

"असू दे, आणा."

ती काळपट, मोठ्या पोटाची होती. तारा चांगल्या उंच. कांडी टेकली, खडखडली नाही. ह्यांनी ती हळूच सरकवली आणि सूर उचलला गेला, बासरीच्या भोकावरून बोट सरकवून काढायचे तसाच. आवाज पोटात बराच वेळ घुमत राहिला. पुढचा सूर चुकला. आता हे ती खाली ठेवणार, असं मला वाटलं. ह्यांनी कांडी जराशी मागे घेतली. सूर सापडला.

"हीच," हे म्हणाले.

बाई नको नको म्हणत असतानाच मी जानकीच्या हातात पैसे ठेवले आणि माझ्या जुन्या लुगड्यात गिटार गुंडाळली. परतीच्या गाडीत हे दाराकडे फिरकलेच नाहीत, मांडीवर गिटार होती.

एका प्रवासाने भीती जात नाही. आजही सूर मध्येच थांबला की मी हातातलं टाकून खोलीत डोकावते. पण तारापूरचं नाव निघालं की आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी चुलीपाशी होते.

"अगं, ती कपड्यांची दोरी कुठे आहे?"

"कशाला?"

"जमिनीला ओल आहे. गिटार खुंटीला टांगतो."

मी डब्यातून दोरी काढली. दोरीबरोबर मूठभर तांदूळ जमिनीवर सांडले. ह्यांनी तांदळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग गिटारीच्या दांड्याला दोरी गुंडाळली. आठ बोटांनी गाठ काही बसेना.

"इथे बोट ठेव," हे म्हणाले.

मी ठेवलं.