लाईट जाईल म्हणून

"सर, कोटा वाढवून द्या ना. माझं काम बंद पडलंय."

रेणापूरहून सुजाताचा फोन होता. शुक्रवारची दुपार. मी नांदेडला विद्यापीठात सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे शुक्रवारी दुपारी कुणी खुशाली विचारायला फोन करत नाही हे मला ठाऊक आहे.

सुजाता आमच्याकडे पीएचडी करते. तुरीच्या पानांचे फोटो बघून रोग ओळखायला ती कॉम्प्युटरला शिकवते. हे शिकवणं दिवसचे दिवस चालतं, तेही आमच्या मोठ्या मशीनवर. ती घरून फक्त हुकूम सोडते. मशीन सगळ्यांचं, म्हणून प्रत्येकाला फायली साठवायला ठरावीक जागा वाटून दिलेली. तो कोटा. तिचा भरला होता. आणि सोमवारी समितीपुढं निकाल दाखवायचा होता. या वेळी दाखवला नाही तर नोंदणी रद्द, असं समितीनं आधीच सुनावलं होतं.

कोटा वाढवायला आमच्या कॉम्प्युटर सेंटरचे प्रमुख देशमुख सर यांची मंजुरी लागते. मी गेलो.

"न्हाई," सर स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले. "एकीला दिला की उद्या सगळे दारात. तिनं काय भरून ठेवलंय ते बघा आधी."

सरांचंही एक काम त्याच मशीनवर चालू होतं. त्यामुळे जागेच्या बाबतीत ते जरा जास्तच चिक्कू झाले होते.

मी बघितलं आणि हसूच आलं. बाईंनी दर दहा मिनिटांनी अख्ख्या कामाची एक प्रत काढली होती. याला आम्ही चेकपॉइंट म्हणतो. काम मध्येच तुटलं तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. पण हिनं एकही जुनी प्रत पुसली नव्हती.

"अगं, इतक्या प्रती कशाला?" मी फोनवर विचारलं.

"लाईट जाते ना सर."

"लाईट तुझ्या घरची जाते. काम इथं चालतं. इथं बॅटरी हाय, जनरेटर हाय."

"जनरेटर हाय, पर डिझेल हाय का त्यात?"

"ते आम्ही बघू. तू सगळ्या प्रती पुसून टाक."

"सगळ्या न्हाई सर. शेवटच्या दोन ठेवते. एक खराब निघाली तर दुसरी."

पोरगी लई हट्टी. मी नाद सोडला. जागा मोकळी झाली, काम सुरू झालं.

शनिवारी दुपारी विद्यापीठाची लाईट गेली. बॅटरीनं थोडा दम धरला. जनरेटर दोनदा घरघरला आणि गप्प झाला. डिझेल नव्हतं. मी कपाळाला हात लावला.

लाईट आली तेव्हा सगळ्यांची कामं मेलेली. देशमुख सरांचंही. चेकपॉइंट कुणीच ठेवला नव्हता, कारण 'आपल्याकडं मशीन बंद पडत नाही' असं आम्हीच छातीठोकपणे सांगत आलो होतो. एकट्या सुजाताचं काम थांबलं होतं तिथूनच पुढं सुरू झालं. माझी नाचक्की झाली खरी, पण ते बघून मला मनापासून आनंद झाला.

सोमवारी तिनं निकाल दाखवला. नोंदणी वाचली. दुपारी सरांनी मला बोलावलं.

"त्या पोरीला कोटा वाढवून द्या. आणि ते दोन प्रतींचं मलाही जरा शिकवायला सांगा तिला."

मी लगेच फोन लावला.

"कोटा राहू द्या सर, आता मावतंय," सुजाता म्हणाली. "सरांना शिकवते की. पर तुम्ही तेवढं डिझेल बघा."

तेव्हापासून दर शुक्रवारी मी आधी जनरेटरची टाकी बघतो. कोट्याचे अर्ज त्यानंतर.