पाठ टेकवायला शिकलेली पैलवानीण

बिद्रीच्या संयोगितेची पाठ मातीला लागलेली गावात कुणी पाहिली नव्हती. बाप सयाजी वस्ताद. पोरगी चालायला लागली तशी त्यांनी तिला आखाड्यात सोडली आणि एकच गोष्ट हाडात भिनवली: मान मोडली तरी चालंल, पाठ लागता कामा न्हाय. पुढं खांदा निखळला, कुस्ती सुटली, दारात म्हशी आल्या. म्हशींशी काय कुस्ती खेळणार, त्या हिच्याहून वजनदार.

एकदा डेअरीत दूध घालून परतताना माळावरच्या धावपट्टीजवळ छोट्या विमानातून माणसं उतरताना दिसली. छत्र्यांना लोंबकळत, निवांत, जेवायला आलेल्या पावण्यांसारखी. झालं, बाईच्या डोक्यात किडा शिरला.

तिथला शिकवणारा कामिल, फौजेतनं निवृत्त झालेला, आपल्याकडचाच. त्यानं पट्टे आवळायला शिकवलं. छत्रीची दोरी विमानातच अडकवलेली असते, उडी घेतली की तीच छत्री ओढून उघडते. बिघडली तर पोटावर दुसरी असते. हे सगळं तिनं घोटलं. अडलं ते उतरण्यावर. पाय जोडून टेकायचं आणि लगेच कुशीवरनं पाठीवर लोळायचं, म्हणजे दणका अंगभर वाटला जातो. गुडघाभर ओट्यावरून वाळूत सराव चालायचा, आणि संयोगिता दर वेळी पाठ वाचवायला हात रोवायची.

"मनगट मोडंल," कामिल म्हणाला.

"मोडू दे की सर. पाठ तर न्हाय लागली."

"ज्याला पडता येत न्हाय त्याला मी वर न्हेत न्हाय. उद्या सांजंपतोर बघतो. न्हायतर म्हशी हायतच."

दुसऱ्या दिवशी वस्ताद स्वतः आले. लेकीला घरी न्यायला, असंच सगळ्यांना वाटलं. त्यांनी बराच वेळ तिचं हात रोवणं बघितलं, मग पायताण काढून ओट्यावर चढले.

"आबा, वय काय तुमचं?" संयोगिता ओरडली.

"गप बस."

उडी मारली, कुशीवर कलंडले आणि वाळूत सरळ उताणे. टोपी एकीकडं, वस्ताद एकीकडं.

"लागली बघ पाठ," ते पडल्या पडल्याच म्हणाले. "मेलो का? समोर गडी असंल तर पाठ राखायची. हितं समोर कोण हाय? जमिनीसंगं कसली कुस्ती करतीस?"

त्या दिवशी संयोगिता दिवस मावळेपर्यंत पडत राहिली. केसांत वाळू, कानांत वाळू. कामिलनं मान डोलावली.

उडीच्या दिवशी विमानाच्या दारातून तिनं उडी घेतली. छत्री उघडली, तर दोऱ्यांना पीळ बसलेला. शिकवल्याप्रमाणे तिनं वर बघितलं, दोऱ्या फाकवल्या, पाय झाडले. पीळ सुटला, वर छत्री डेऱ्यासारखी फुगली. खाली उसाचे पट्टे, कारखान्याची चिमणी अगरबत्तीएवढी. आख्खा मुलूख पायाखाली, आणि हिला हसू आवरेना.

मग जमीन अंगावर धावून आली. हात आपसूक बाहेर निघाला. तिनं तो मागं घेऊन पट्टा घट्ट धरला, पाय जुळवले आणि टेकल्याबरोबर अंग सोडून दिलं. पोटरी, मांडी, कंबर, आणि मग सगळी पाठ मातीत.

छत्री शेजारी निपचित पडली. कुंपणापाशी तालमीतली पोरं शिट्ट्या मारत होती. वस्ताद धापा टाकत आले.

"काय मोडलं न्हाय न्हवं? मग ऊठ की. लोकं बघाय लागल्यात."

"बघू देत आबा," ती उताणी, आभाळाकडं बघत म्हणाली. "जरा पडतो की."