सरलादींचा घाट

श्यामराव कलकत्त्यात सरकारी नकाशांवर नद्या रेखाटत. सरहद्दीवरच्या नद्या तर खास त्यांच्याकडे येत, कारण त्यांची रेघ केसभरही हलत नसे. नदी स्वतः दर पावसाळ्यात हलायची, पण तो नदीचा दोष, असं त्यांचं ठाम मत होतं.

बालीगंजात त्यांच्या वरच्या मजल्यावर सरलादी राहत. फाळणीत इच्छामती नदीपलीकडचं घर सोडून आलेल्या या बाई रोज संध्याकाळी चहाला खाली येत आणि रोज आपल्या घरामागचा घाट सांगत. दगडी, ऐसपैस, बावीस पायऱ्यांचा. पलीकडून आलेल्या प्रत्येकाचं तळं समुद्राएवढं असतं, हे श्यामराव ओळखून होते. एकदा त्यांनी जुना नकाशाच पुढे पसरला. "दीदी, इथे घाट नाही."

"मग तुमचा नकाशा चुकलाय," सरलादी म्हणाल्या आणि आठ दिवस फिरकल्या नाहीत. त्या आठ दिवसांत श्यामरावांना चहा गोड लागेना, ही बातमी त्यांच्या बायकोनं, लीनानं, वरच्या मजल्यावर पोचवली तेव्हा कुठे समेट झाला.

बहात्तर साली, पलीकडे नवा देश झाल्यावर, श्यामरावांना कामासाठी इच्छामतीच्या अलीकडच्या काठावर जायचं होतं. सरलादींनी एवढंच मागितलं, "समोर वड दिसेल. त्याच्या उजवीकडे घाट. पाहून या."

श्यामराव दुर्बीण घेऊन काठावर बसले. भरती होती. पायऱ्या पाण्याखाली असतील म्हणून मुरमुरे खात त्यांनी सहा तास ओहोटीची वाट पाहिली. पहाऱ्यावरच्या जवानानं दोनदा हटकलं. "पायऱ्या मोजायच्यात" हे उत्तर त्याला काही पटलं नाही. अखेर पाणी उतरलं. वड होता. उजवीकडे नुसता चिखल. नदीनं काठच गिळला होता.

परतल्यावर सरलादी दारातच उभ्या. जन्मात खोटी रेघ न ओढलेला माणूस म्हणाला, "आहे की घाट. बावीस पायऱ्या. मी स्वतः मोजल्या."

सरलादी म्हणाल्या, "सतरा होत्या, श्यामबाबू. बावीस मी सांगायचे."

श्यामरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कोरा कागद आणि पेन्सिल आणली. सरलादींनी पदरानं डोळे पुसले, खुर्ची ओढली आणि सांगू लागल्या. ते काढू लागले. आधी वड, मग घाट, एकेक पायरी. सतरावी झाली तशी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"थांबलात का?" सरलादी म्हणाल्या. "अजून पाच आहेत."