भोपळ्याच्या वाफ्याखाली

शेवटून दुसऱ्या घरातले चावीकाका भर दुपारी बायकोच्या भोपळ्याच्या वाफ्यात लोखंडी कांब रोवून गुप्तधन शोधतात, ही बातमी दूधवाल्याने एका सकाळीत वाटेवरच्या चौदा घरांत दुधाबरोबर मापून घातली. सहाव्या घरापर्यंत कांबेची पहार झाली होती आणि चौदाव्या घरी पोचेस्तोवर हंड्याचे काठ दिसायला लागले होते.

यातली दुपार खरी, वाफा खरा, कांबही खरी. धन तेवढं दूधवाल्याने वरून घातलेलं, दुधात घालतो तसंच. चावीकाका कांबेचं एक टोक जमिनीला टेकवत, दुसऱ्या टोकाला कान लावत आणि खाली पाणी कुठे गळतंय ते ऐकत. शहरात असताना त्यांना याच कामाचा पगार मिळायचा आणि तेव्हा कुणी त्यांना वेडा म्हणत नव्हतं.

चौतीस वर्षं ते शहराच्या पाणीखात्यात व्हॉल्व्हमन होते. छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, पहाटे सायकल काढायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खालच्या व्हॉल्व्हवर बसवायची आणि बावीस फेरे डावीकडे. पाऊण तासाने बावीस फेरे उजवीकडे, की पुढचं झाकण. त्या पाऊण तासात तीन हजार घरांच्या अंघोळी, भांडी आणि भांडणं उरकायची. त्यांचं खरं नाव शहरात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, सगळे चावीकाकाच म्हणत, पण ते दोन दिवस तापाने पडले की अख्खा भाग पारोसा राहायचा. "एवढा मान मंत्र्यालाही नसतो," ते म्हणायचे.

"मंत्री निदान रविवारी घरी जेवतो," काकू म्हणायच्या.

काकूंचं दुखणं काही उगाच नव्हतं. चौतीस वर्षं साडेतीन वाजता त्यांचं अर्धं अंथरूण गार व्हायचं. काकांनी पहिला घास तोंडात घातला की फोन: आमच्याकडे थेंब नाही, आमच्याकडे गढूळ येतंय, शेजाऱ्याने मोटर लावलीय. झाडांची एवढी हौस असलेल्या बाईच्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत दोन कुंड्या. म्हणून निवृत्तीनंतर या गावात अर्ध्या एकरातलं घर घेतलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "आपल्या घरातला नळ सोडून जगातल्या कुठल्याही नळाला हात लावायचा नाही. कुणी विचारलंच, तर तुम्ही शहरात कारकून होता."

काकांनी कबूल केलं. चावी खात्यात जमा केली. कांब मात्र सामानातून आली. "टोमॅटोला आधार लागेल," ते म्हणाले आणि गेल्या गेल्या ती एका रोपाशेजारी रोवून सुतळीने बांधलीही. त्या टोमॅटोला मिळाला तसला आधार आजकाल जावईसुद्धा देत नाहीत.

घर म्हणजे दोन खोल्या, पुढे पत्र्याखाली ओटा, मागे सहा कोंबड्या, एक शेळी आणि काकूंचे वाफे. सगळं काम दोन तासांत उरकायचं. बाकीच्या बावीस तासांचं काय करायचं, हे पाणीखात्याने निरोपाच्या भाषणात सांगितलं नव्हतं. काका साडेतीनला उठत, बूट घालत, ओट्यावर येत आणि कुठे जायचं नाही हे आठवलं की बूट काढत. थोड्या वेळाने पुन्हा घालत, कोंबड्यांना दाणे टाकायला. कोंबड्या झोपलेल्या. मग फाटकाच्या बिजागरीला तेल, खिडकीच्या कडीला तेल, सायकलच्या साखळीला तेल. शेळी लांब सरकली नसती तर तिच्या गुडघ्यांनाही घातलं असतं.

पहिल्याच महिन्यात काकू डोक्याला साबण लावून बसल्या आणि नळ बंद पडला. पत्र्यावरच्या टाकीचा व्हॉल्व्ह काकांनी घड्याळ बघून बंद केला होता. पाऊण तास झाला होता ना. हात आपला गेला आणि फिरला, डोक्याला विचारायला थांबला नाही.

"अहो," आतून शांत आवाज आला, "तुमच्या शहरात आता एकच बाई राहते. तिची अंघोळ अर्धी राहिलीय."

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, काहीतरी छंद लावून घ्या ना. पक्षी बघा." आणि दुर्बीण पाठवून दिली. आठवडाभर काका दुर्बीण डोळ्याला लावून ओट्यावर बसले. काकूंना जरा बरं वाटलं.

"काय काय दिसलं?" त्यांनी एकदा विचारलं.

"टेकडीवरची गावाची टाकी रोज दीडला भरून वाहते. टाकी भरली की पाणी थांबवणारा फ्लोट अडकलाय."

"आणि पक्षी?"

"एक असतो. टाकीवरच बसतो."

तर असा माणूस, आणि त्यात उन्हाळा आला. सगळ्या वाटेवरची कुंपणं वाळून काटकी झाली, लोकांची वांगी करपली, पण काकूंचा भोपळ्याचा वाफा हिरवागार. एकेक भोपळा दोन हातांच्या कवेत मावेना. बायका मुद्दाम बघायला यायच्या. "वहिनी, तुमच्या हाताला गुण आहे," असं म्हणून जायच्या. काकू नुसत्या हसायच्या.

काकांनाही कौतुक होतं. पण अंगणात बाकी कुठेही कुदळ मारली तर ठिणगी उडावी आणि या एका वाफ्यात चप्पल रुतून बसावी, हे चौतीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाच्या पोटात कसं राहणार? त्यातून गावाची मुख्य पाइपलाइन त्यांच्या अंगणाच्या त्याच कोपऱ्याखालून शेवटच्या घराकडे गेलेली.

शेवटच्या घरात शिलाईताई राहायच्या. एकटी बाई, एक शिलाई मशीन आणि गावभरच्या उसवलेल्या कपड्यांचा ढीग. गावाला पाणी दुपारी दोन ते तीन. शिलाईताईंच्या नळाला करंगळीएवढी धार, तीही दहा मिनिटांत लाजून आत जायची. मग त्या दोन डबे घेऊन बस थांब्याजवळच्या सार्वजनिक नळावर जायच्या आणि परत येताना काकांच्या फाटकाशी हात बदलायला थांबायच्या.

"काय काका, निवृत्ती मानवतेय ना?" एक दिवस त्या डबे खाली ठेवत म्हणाल्या. "काकूंना सांगा, पुढच्या जन्मी मलाही त्या भोपळ्यांशेजारी लावा."

हसल्या, डबे उचलले आणि गेल्या. काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता टोमॅटोचं रोप आडवं झालेलं होतं आणि कांब काकांच्या कानाशी होती. वाट झोपलेली. काका वाफ्याच्या कडेने हातभर हातभर सरकत होते. नुसत्या वाहत्या पाण्याचा आवाज जाड असतो, बंद दाराआड कुणी बोलत असल्यासारखा. गळतीचा आवाज पातळ, दातांतून श्वास सोडल्यासारखा. पहिल्या वेलाशी जाड. दुसऱ्याशी जाड. तिसऱ्या वेलाशी, सगळ्यांत मोठ्या भोपळ्यापासून वीतभरावर, कांबेतून श्वास आला. बरोबर सांध्यावर. काकांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला आणि लगेच उतरला. नेमक्या त्याच वेळी दूधवाला रिकामी बरणी न्यायला कुंपणाशी आला होता. पुढचं ठाऊकच आहे.

आता खणावं तर काकूंचा वाफा जातो आणि काकूंना दिलेला शब्दही. न खणावं तर शेजारच्या बाईचं पाणी आपल्या भोपळ्यांच्या पोटात. आठ दिवस काका या दोन्हींच्या मध्ये येरझाऱ्या घालत होते. कांब टोमॅटोला बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. खाट ओट्यावरून आत, आतून ओट्यावर. दुपारी दोन वाजले की उगीच रेडिओ मोठा करायचा. तरी तो श्वास ऐकू यायचा, अगदी पाणी बंद असतानाही. सगळं मनातलं ते शेळीला सांगायचे. ती ऐकून घ्यायची आणि सुतळी खायची.

नवव्या दिवशी काकू ओट्यावर पालक निवडत बसल्या होत्या. "बसा इथे," त्या म्हणाल्या. "आठ दिवस त्या जनावराशी बोलताय. आता माझ्याशी बोला."

काकांनी सांगितलं. नजर पालकावर ठेवून, एका दमात.

काकूंनी एक पिवळं पान बाजूला काढलं. "तिसऱ्या वेलाखाली ना?"

काका बघतच राहिले. "तुला कसं माहीत?"

"अहो, व्हॉल्व्हमनची बायको आहे मी. सगळं अंगण कोरडं आणि एवढाच तुकडा ओला, याला काय हाताचा गुण म्हणायचा? आलो त्याच आठवड्यात कळलं. म्हणून तर वाफा तिथे केला."

"आणि मला बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुम्ही त्याच दुपारी खणलं असतं. मग शेजारचं, मग वाटेवरचं, मग सगळ्या गावाचं. आणि साडेतीनला अंथरूण परत गार." त्यांनी देठं गोळा केली. "एक उन्हाळा मागत होते मी. माझा नवरा आणि माझा वाफा. जास्त मागितलं का?"

बाहेर फाटकाशी डबे टेकल्याचा आवाज झाला. हात बदलला, डबे उचलले, पावलं पुढे गेली. दोघांनी ऐकलं. कांब लावायची गरजच पडली नाही.

"मला ती तिथे थांबते ते बघवत नाही," काकू हळू म्हणाल्या. "म्हणून मी त्या वेळेला मागे कोंबड्यांकडे जाते. तुम्हाला वाटलं असेल, अंडी शोधते." मग पदराला हात पुसून उठल्या. "भोपळे मी काढते. वेलांना हात लावायचा नाही तुम्ही. आणि हा एकच सांधा. याच्यापुढे शहराचा कारकून."

दुसऱ्या दिवशी सकाळी, लाइन बंद असताना, काकांनी गावच्या प्लंबरला बोलावून गुडघाभर खणलं. सांधा निघाला तो कांबेने दाखवला त्याच्यापासून चार बोटांवर. प्लंबरने दोनदा मोजलं आणि गप्प झाला. रबर घालून क्लॅम्प आवळायला अर्धा तास. तेवढ्यात काकांनी प्लंबरला पाना कसा धरू नये यावर दीड तासाचं ज्ञान दिलं. काकू नऊ भोपळे ओळीने ओट्यावर ठेवून पाठमोऱ्या बसल्या होत्या. चार वेल गेले. त्यांनी ते स्वतः उचलून शेळीपुढे टाकले.

अडीच वाजता शिलाईताई आल्या, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. "काका, बादली भरून वाहून गेली हो. मी नळ उघडा ठेवून शिवत बसले. सवयच नाही ना." काकूंनी त्यांना एक भोपळा दिला, सगळ्यांत मोठा, आणि चहाला बसवलं.

गोष्ट इथे संपली असती, पण दूधवाला होता ना. प्लंबर गप्प झालेला आजवर कुणी पाहिला नव्हता, तेव्हा ही बातमी गुप्तधनापेक्षा जोरात पळाली. तिसऱ्या दिवशी गावच्या पाणी समितीचे सेक्रेटरी दोन सभासदांना घेऊन ओट्यावर हजर. बरोबर एक लांबलचक, नवा निळा रंग दिलेली चावी.

"काका, तुम्ही एवढे मोठे तज्ज्ञ आणि आम्हाला पत्ता नाही," सेक्रेटरी खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "टाकी वाहते, वरच्या वाटेला पाणी चढत नाही, चार व्हॉल्व्ह तर कुठे गाडलेत तेच माहीत नाही. तुम्ही नुसती देखरेख करा. पहाटे एक फेरी, संध्याकाळी एक. गावावर उपकार होतील." आणि चावी त्यांनी काकांच्या मांडीवर आडवी ठेवली.

काकू दारात उभ्या होत्या. रिकामी झारी उचलली आणि मागच्या दाराने वाफ्याकडे गेल्या.

काकांचे दोन्ही हात चावीच्या दांड्यावर बसले होते. अंगठ्याने त्यांनी चावीचा चौकोनी जबडा चाचपला, झिजलाय का बघितलं. मनगट आपोआप डावीकडे वळलं, अर्धा फेरा. पाय तर बुटात होतेच. सेक्रेटरींनी सभासदांकडे बघून डोळे मिचकावले, काम झालं या अर्थाने.

"आणि तसंही काका," ते उठता उठता म्हणाले, "घरी बसून तुम्ही करता तरी काय?"

मागे झारी भरल्याचा आवाज आला. काकांनी चावी उचलली, उभी केली आणि सेक्रेटरींच्या हातात दिली.

"बसायला शिकतोय," ते म्हणाले. "चौतीस वर्षांत जमलेलं नाही. ते जमेपर्यंत मला अजिबात वेळ नाही."