स्क्रूसाठी सोडलेली चिंच

आमच्या सुनेचा घोटा मोडला तो ना जिन्यावर, ना चिखलात. चांगल्या सपाट अंगणात. पाय मुरगळला, खाली बसली आणि उठताच येईना. दोंडाईचाहून गाडी करून धुळ्याला नेली. लहानपणी तिच्या हातात लोखंडी पट्टी बसवली होती आणि ती काढायला पुन्हा चिरफाड झाली होती. ती धास्ती अजून मनात. ऑपरेशन करा म्हणाली, पण काढायला म्हणून परत टेबलावर झोपणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. मॅग्नेशियम नावाच्या धातूचा स्क्रू असतो, हाड जुळेपर्यंत धरून ठेवतो, मग अंगातच हळूहळू विरघळतो. काढावा लागत नाही. सुनेचा चेहरा उजळला. माझ्या डोक्यात मात्र किडा शिरला. हाड जुळायच्या आधीच विरघळला तर? पण डॉक्टरांसमोर माझी जीभ जड होते. एरवी कशी चालते ते आमच्या गल्लीला विचारा.

आता धातू कशानं जातो, हे मला माहीत. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवून बघा, कसं कळकतं. आंबट धातूला खातं. म्हणून स्क्रू बसवून सून घरी आली, तसं घरात आंबट बंद. लोणच्याची बरणी फळीवर चढली, ताक शेजारी जाऊ लागलं. तिच्या एकटीच्या ताटातून कशाला काढायचं, म्हणून मीही चिंच सोडली. चिंचेशिवाय आमटी म्हणजे नुसतं तिखट पाणी हो. सून मुकाट्यानं जेवायची. माझी जाऊ बघायला आली, तिनं ताटात बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "सासू सुनले भुकी मारी ऱ्हायनी का व?" सुनेनंच सांगितलं, मला असंच आवडतं.

मग पायाचा एक्स-रे फोटो काढायला दोघी धुळ्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडावर धरला. हाड सांधलं होतं, स्क्रू फिकट पडत चालला होता. आता पाय टेका म्हणाल्या, काढायचं काही नाही. मी हात जोडले आणि विचारलं, आता आंबट दिलं तर चालेल ना?

त्या बघतच राहिल्या. "आजी, पोटातलं आंबट हाडातल्या स्क्रूपर्यंत जात नाही. टाके काढायला तुमचा मुलगा यांना घेऊन आला होता, तेव्हाच सांगितलं होतं मी."

सून ओढणीचं टोक बघत बसली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, मग बोलली का नाहीस गं?

"तुमचा जीव चिंचेत, आई. तुम्ही माझ्या पायासाठी ती सोडली. कोणत्या तोंडानं सांगू, की उगाच सोडली म्हणून?"

त्या डॉक्टरीणबाईंचं भलं होवो, ज्यानं कोणी तो स्क्रू शोधला त्याचंही, आणि माझ्या पदरात ही पोर टाकणाऱ्या विहीणबाईंचं तर दुप्पट. स्टँडसमोर पाणीपुरीची गाडी होती. चिंचेचं पाणी जास्त घाल रे भाऊ, म्हटलं. सुनेनं कुबडी माझ्याकडे दिली आणि दोन्ही पायांवर उभी राहून खाल्ली.