अप्पांची मराठी आणि माझा प्रवेश अर्ज

नेसरीहून निघालेली एसटी गडहिंग्लज सोडल्यावर कर्नाटकात शिरते आणि कागलजवळ परत महाराष्ट्रात येते. पाट्या तेवढ्या बदलतात. शेजारची बाई माझ्याशी मराठीत आणि मागच्या सीटवरच्या जावेशी कानडीत बोलत होती. आपण काही विशेष करतोय हे तिच्या गावीही नव्हतं. मला तिचा हेवा वाटला.

आमचे अप्पा (वडील) असेच होते. अव्वाशी (आई) कानडी, दुकानात आणि माझ्याशी मराठी. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि बोलणंच गेलं. दोन महिन्यांनी कानडी परत आली, मराठी आली नाही; ना बोलता येत, ना कळत. मला कानडी येते ती जेवायला बसण्यापुरती. आता बापलेकीच्या मधे अव्वा दुभाषी. डॉक्टर म्हणाले, होतं असं. का होतं, असं विचारलं तर ते घड्याळ बघायला लागले.

ते ‘का’ शिकवणारा अभ्यासक्रम आहे, हे सायबर कॅफेत कळलं. संज्ञानविज्ञान. मन, मेंदू, भाषा, संगणक, तत्त्वज्ञान सगळं एकाच वर्गात, पण लांबच्या शहरात, दोन वर्षं. अर्जासोबत एका प्राध्यापकांची शिफारस हवी होती आणि ‘हा विषय का शिकायचा’ यावर पानभर टिपण. मुदत संपत आली होती.

कोल्हापुरात उतरून थेट विद्यापीठ गाठलं. तत्त्वज्ञानाचे क्लार्क म्हणाले, “मेंदू हाय म्हंजे मानसशास्त्र.” मानसशास्त्रातले म्हणाले, “कम्प्युटर लिवलंय की ह्यात. पलीकडच्या इमारतीत जावा.” पलीकडच्यांनी अर्ज उलटापालटा केला. “ताई, तुमचा इषय नक्की हाय तरी कुठला?”

“हे सगळं मिळून एकच.”

“मग सगळ्यांनीच सही करायची व्हय?”

माणसाचं डोकं एक, आणि यांनी इमारतीगणिक त्याचे वाटे घातलेत. रागारागात कॅन्टीनमध्ये कटवडा (रश्श्यात बुडवलेला वडा) खाल्ला आणि टिपणाच्या कोपऱ्यावर तेलाचा डाग पाडून घेतला. तिथेच बी.ए.ला तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या मॅडम भेटल्या. त्यांनी टिपण वाचायला घेतलं.

“अगं, हे निवेदन आहे.”

होतंच. ‘विषय : प्रवेश मिळणेबाबत.’ खाली सीमाभागातल्या विद्यार्थ्यांवरचा अन्याय, चार मागण्या आणि शेवटी, ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.’ कॉलेजात विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहून लिहून हात तसाच वळतो.

“आंदोलन कुणाच्या दारात करणार? ते कुठं, तू कुठं.” मॅडम हसल्या. “मागू नकोस. सांग. तुला काय कळून घ्यायचंय?”

डागाचा कागद फाडला आणि कोऱ्यावर अप्पांचं लिहिलं. एकही मागणी नाही. इतकं अवघड पत्रक मी आजवर लिहिलेलं नाही.

मॅडमनी वाचून चष्मा काढला. “तू शिकून आलीस तरी त्यांची मराठी येईलच असं नाही हं.”

“माहितीय.”

“तरी?”

“तरी.”

त्यांनी तिथेच शिफारस लिहून सही केली. अर्ज स्पीड पोस्टनं टाकला आणि परतीची गाडी धरली. वाटेत हिशोब लागत नव्हता तो एकाच गोष्टीचा. ज्या आवाजासाठी शिकायचं, तो दोन वर्षं ऐकायला मिळणार नाही. अन्याय म्हणावा, तर निवेदन द्यायचं कुणाला?

घरी आल्यावर अव्वाला सगळं सांगितलं. तिनं अप्पांना कानडीत सांगितलं. त्यांनी खाटेवरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “यावाग बर्ती?”

“कधी येणार, विचारतायत,” अव्वा म्हणाली.

निवड व्हायची होती, जायचं तर लांबच. माझ्याकडे होती ती मराठीच. त्यांचा हात धरून मी म्हणाले, “सुट्टी लागली की येते, अप्पा.”

त्यांनी मान वळवून अव्वाकडे बघितलं.